थर दिसत नाहीत, म्हणून प्रयोगशाळा?

पत्र

ताई, मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून गेल्या वर्षी पुण्यात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. हिवाळ्यात पहिल्यांदा उत्खननाला गेले. शेजारच्या ट्रेंचमध्ये, म्हणजे खणायला आखलेल्या चरात, मणी निघाले, तांब्याचा तुकडा निघाला, आमच्यात काहीच नाही. माझ्या वाट्याला ब्रश मारणं, खापरं धुणं आणि सेक्शन काढणं, म्हणजे ट्रेंचच्या उभ्या भिंतीतले मातीचे थर कागदावर उतरवणं, आलं. ते ड्रॉइंग सरांनी तीनदा परत काढायला लावलं. खरं सांगू का, मला थर दिसतच नाहीत. बाकीचे 'हा लेयर तीन, हा चार' म्हणतात, मी नुसती मान हलवते. आता दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय ठरवायचा आहे. वाटतं, केमिस्ट्री आहेच तर सरळ प्रयोगशाळेतलं काहीतरी घ्यावं आणि फील्डचा नाद सोडावा. घरची शेती आहे. दादा म्हणजे माझे वडील म्हणतात, "खापरं आपल्या रानात पैशाला पासरी पडलीत, ती धुवायला पुण्यात दोन वर्षं कशाला?" त्यांना काय सांगू? आणि पुढे नोकरीचं काय?

— शिरूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रयोगशाळेतला विषय जरूर घे. तुझ्यासारखी मुलं या क्षेत्राला हवीच आहेत. पण थर दिसत नाहीत म्हणून घेऊ नकोस. थर न वाचता येणारा माणूस प्रयोगशाळेत गेला तर तिथे त्याची अडचण वाढते, कारण तिथे चूक डोळ्यांना दिसत नाही.

तुझ्याच ट्रेंचचं उदाहरण घे. समजा, चौथ्या थराच्या खोलीवर कोळशाचा तुकडा सापडला. तू तो हात न लावता चिमट्याने उचललास, अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलास, खोली लिहिलीस आणि काळ ठरवणाऱ्या कार्बन-१४ चाचणीसाठी पाठवलास. उत्तर आलं आणि ते अपेक्षेपेक्षा पाचशे वर्षं अलीकडचं निघालं. यंत्राने काही चुकवलेलं नाही. त्या जागी दुसऱ्या थराच्या काळातल्या कुणीतरी खड्डा खणला होता, तो तिसरा थर भेदून चौथ्यात उतरला होता आणि कोळसा त्या खड्ड्यात पडला होता. खोली चौथ्या थराची, पण काळ दुसऱ्या थराचा. ट्रेंचमध्ये उभ्या असलेल्या मुलीला खड्ड्याची कड दिसली असती तर हा घोळ झालाच नसता. एकदा माती उपसून टाकली की ती कड जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत परत तयार करता येत नाही.

आपल्या दख्खनमध्ये तर हे आणखी जपावं लागतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला मी काय सांगणार! त्या भेगांतून मणी, दाणे, बारीक खापरं खाली उतरतात आणि पावसाळ्यात भेग मिटली की वर काही खूण राहत नाही. उंदीर-घुशींची बिळं वेगळीच. म्हणून 'कुठे सापडलं' याचं उत्तर नुसत्या सेंटिमीटरमध्ये देता येत नाही. कोणत्या मातीत सापडलं, त्या मातीचा तळ कुठे होता आणि वरून काही घुसलेलं होतं का, एवढं तरी सांगावं लागतं.

आता थर दिसत नाहीत त्याचं. पहिल्या हंगामात ते बहुतेकांना दिसत नाहीत. मान हलवणारी तू एकटी नव्हतीस, याची मला खात्री आहे. हे डोळ्यांचं काम आहे असं तू धरून चालली आहेस, पण त्यात हाताचं आणि कानाचं काम निम्म्याहून जास्त आहे.

पुढच्या वेळी असं कर. सेक्शनसमोर भर दुपारी उभी राहू नकोस. उभ्या उन्हात सगळी भिंत एकसारखी पांढुरकी दिसते. सकाळी लवकर जा, नाहीतर कुणाला तरी ताडपत्री धरायला लावून पूर्ण सावली कर. ट्रॉवेलच्या, म्हणजे छोट्या थापीच्या, धारेने भिंतीचा वाळलेला पापुद्रा वरून खाली खरवडून काढ, म्हणजे खालचा ताजा रंग उघडा पडेल. मग फवारणीच्या हातपंपाने पाण्याचा अगदी बारीक फवारा मार. ओल सगळीकडे सारखी टिकत नाही: राखेचा पट्टा पाणी पटकन पितो, चिकण मातीवर ते थोडा वेळ चमकत राहतं, दाबून बसलेल्या जमिनीवर ओघळतं. भिंत वाळायला लागते तेव्हा पाहत राहा. त्या काही मिनिटांत पुष्कळ सीमा आपोआप उमटतात. मुन्सेलच्या रंगपट्टीशी माती ताडतानाही ती ओली आहे की कोरडी हे रंगाशेजारी लिही, कारण ओली माती गडद दिसते.

यानंतर डोळे मिटून भिंतीवर ट्रॉवेलचं टोक चालव. भुसभुशीत भरावात ते गप्प असतं, मुरमाड जागी करकरतं, चोपलेल्या जमिनीवर अडतं. एकेका जागेची चिमूटभर माती बोटांत चोळून बघ, रेव लागते की पीठ. फरक जाणवला तिथे खिळा टोच. खिळ्याला खिळा जोडत गेलीस की रेघ मिळते. ती रेघ पूर्ण भिंतभर जाते की मध्येच तुटते, तुटली तर कशाने तुटली, हा खरा प्रश्न. खड्डा शोधताना त्याचा तळ बघून थांबायचं नाही. त्याचं तोंड कोणत्या थरातून निघालं तेवढं पक्कं कर, कारण खड्ड्याचा काळ तोंडावर ठरतो.

जुन्या घराची जमीन सेक्शनमध्ये कशी दिसते, हे एकदा जवळून बघच. सारवण, त्यावर पायांनी दाबलेली माती, पुन्हा सारवण. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. लांबून ती एकच करडी रेघ वाटते. भिंग लावलं की त्यात चार-पाच बारीक रेघा सुटतात, मधूनमधून काळा ठिपका असतो, तो चुलीतल्या कोळशाचा. तुझ्या आजीने अंगण जितक्यांदा सारवलं असेल तितके असे पापुद्रे तिथेही साठले असतील.

सरांनी तीनदा ड्रॉइंग काढायला लावलं, त्याचा राग आला असेल. पण उत्खनन म्हणजे जे वाचायचं तेच नष्ट करणं. ट्रेंच खणून झाली की तुझी वही, तुझं ड्रॉइंग, फोटो आणि पिशव्यांवरची लेबलं एवढंच मागे उरतं, आणि ज्याला शंका येईल त्याने तेच तपासायचं असतं. दोन ट्रेंचच्या मध्ये न खणता भिंत राखायची ही शिस्त आपल्याकडे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रुजवली. १९४४ साली ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला त्यांनी तरुण पुरातत्त्वज्ञांसाठी प्रशिक्षण वर्ग चालवला. ती भिंत राखायची ती याचसाठी, की खणून गेलेल्या मातीचा साक्षीदार चारही बाजूंनी उभा राहावा. त्या साक्षीदाराची जबानी तुझ्याकडून लिहून घेत होते सर. कमी महत्त्वाचं काम दिलं असं समजू नकोस.

आता दादांकडे वळते. त्यांचं म्हणणं उडवून लावू नकोस, त्यांना ट्रेंचबद्दल तुझ्यापेक्षा जास्त कळण्याची शक्यता आहे. सुट्टीत घरी गेलीस की त्यांच्यासोबत एखाद्या जुन्या विहिरीच्या किंवा नव्या शेततळ्याच्या काठावर उभी राहा आणि विचार: ही काळी कुठवर आहे, चोपण कुठे लागतं, मुरूम कुठून सुरू होतो, पुराने आणलेला गाळ कोणता? ते बोट दाखवून सांगतील. ते सांगतील तसं वहीत काढ, जाड्या मोज. झालं की सेक्शन ड्रॉइंगचा एक धडा, आणि तोही ज्याला मातीवर पोट भरावं लागतं अशा माणसाकडून. घोड नदीचे उभे काठही बघ. सुरक्षित अंतरावरून बघ, दरडीखाली जाऊ नकोस.

आणि खापरांचं. पैशाला पासरी आहेत म्हणूनच ती कामाची. सोनं लोक बरोबर नेतात, वितळवतात. तांबंही पुन्हा ओततात. लाकूड, कापड कुजून जातं. भाजलेली माती कुजत नाही, वितळवून परत वापरता येत नाही आणि फुटली की जागच्या जागी टाकून दिली जाते. गरीब घरात आणि मोठ्या घरात, दोन्हीकडे असते. घडण, रंग, काठाचा आकार काळाप्रमाणे बदलत जातो, त्यामुळे ज्या थरात नाणं नाही, लेख नाही, तिथे काळ सांगायला खापरच असतं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावात १९५०-५१ साली उत्खनन झालं, तिथल्या पातळ, तांबूस-नारिंगी, काळ्या रेघांनी रंगवलेल्या भांड्यांवरून एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं. ते खापर नखाने वाजवलं तर खणखणतं, इतकं चांगलं भाजलेलं असतं.

दादांना सांगायला तर तुला तालुक्याबाहेरही जायला नको. इनामगाव तुमच्याच तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ पासून पुढची बरीच वर्षं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी, ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे हंगामामागून हंगाम काम केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. तिथे घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत मूल. जमिनीचा तो पातळ थर कुणी ओळखला नसता आणि नुसतं खाली खणत गेलं असतं, तर हाती दोन फुटकी मडकी आणि थोडी हाडं आली असती. त्या घरातल्या माणसांनी आपलं गेलेलं मूल घरातच, पायाखालच्या जमिनीत जवळ ठेवलं, हे कुणालाही कळलं नसतं. इथल्याच मातीतल्या जळलेल्या दाण्यांवरून आणि हाडांवरून ते लोक सातू पिकवत होते, गुरं आणि शेळ्या-मेंढ्या पाळत होते, शिकारही करत होते, हे समजलं. शेवटच्या टप्प्यात मोठी चौकोनी घरं मागे पडून लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली. पावसावर जगणाऱ्या तालुक्यातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. दादा पुण्याला आले की त्यांना येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन जा.

एक विनंती मात्र त्यांना माझ्याकडून कर. रानात खापरं दिसतात तिथे खणायचं नाही. उत्खननाला परवानगी लागते, घरच्या शेतातलं जुनं ठिकाण झालं तरी. जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून ट्रॉलीने उचलून नेतात, ते तर गावातल्या चार लोकांना सांगून थांबवता आलं तर बघावं. अशी किती टेकाडं त्या पायी सपाट झाली! फोटो काढ, जागेची नोंद कर आणि विभागातल्या शिक्षकांना किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळव.

आता तुझी केमिस्ट्री. खापरं धुताना तुला कुणी सांगितलं होतं का, की त्यातली काही धुवायची नसतात? झिलई न दिलेल्या मडक्याच्या भिंतीत स्वयंपाकातली चरबी मुरते आणि हजारो वर्षं टिकू शकते. ती काढून गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासता येते. चरबीतल्या पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, दूध शिजत होतं की मांस, याचा अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी खापर निघाल्या निघाल्या फॉइलमध्ये जायला हवं. पाण्यात घासलं, क्रीम लावलेल्या हाताने धरलं, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत महिनाभर ठेवलं, की यंत्र तुझं क्रीम आणि पिशवीतली रसायनंही इमानदारीने दाखवतं. शिवाय खापराच्या आजूबाजूची माती तुलनेसाठी घ्यावी लागते. हा सगळा निर्णय ट्रेंचमध्ये, खापर मातीत असतानाच व्हावा लागतो, आणि तिथे केमिस्ट्री येणारं माणूस उभं नसेल तर तो होत नाही. म्हणून तू फील्ड सोडायचं नाहीस. तुझ्याइतकी गरज तिथे दुसऱ्या कुणाचीच नाही.

जळलेल्या दाण्यांचंही तसंच. कार्बन-१४ साठी लाकडाच्या कोळशापेक्षा दाणा बरा, कारण दाणा एका हंगामाचा असतो. जुन्या खोडाच्या गाभ्यातला कोळसा ते झाड तोडण्याच्या कितीतरी आधीचा काळ दाखवू शकतो. हे दाणे फ्लोटेशनमध्ये मिळतात: माती पाण्यात हळू ढवळायची, जळकं हलकं असतं ते तरंगतं, बारीक जाळीवर घ्यायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर दाणे तडकतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. घरी बसून याची तयारी होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, सातू, हुलगा, मटकी, जवस यांचे थोडे थोडे दाणे झाकणाच्या डब्यात वाळूत पुरून मंद आचेवर काळे कर आणि ताज्या दाण्याशेजारी ठेवून बघ. कोणता फुगतो, कोणता आक्रसतो, कोणाचं टरफल सुटतं, ते टिपून ठेव. नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या त्या बाटल्या पुढे तुला कायम लागतील.

'आमच्या ट्रेंचमध्ये काही निघालं नाही' हे वाक्य आता सोडून दे. मणी मिळणं हा योग आहे, त्यात शिकणाऱ्याचं कर्तृत्व काही नाही.

नोकरीचं गोड बोलून सांगणार नाही. जागा थोड्या आहेत आणि जाहिराती वेळेवर निघतात असं नाही. अध्यापनासाठी नेट आणि पुढे पीएच.डी. लागेल. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेशाची जाहिरात बघत राहा. संग्रहालयं, वारसा जतनाची कामं, संशोधन प्रकल्पांवरच्या मुदतीच्या जागा, हे बाकीचे रस्ते. तुझी बाजू इतरांपेक्षा थोडी भक्कम आहे ती यामुळे, की यंत्रांवरचा हात बसला तर तो रसायनाच्या उद्योगातही चालतो. घरी हे स्पष्ट बोल. दोन-तीन वर्षं अनिश्चित जातील असं धरून हिशेब मांडा.

प्रबंधासाठी माझ्या मनात तुझ्यासाठी एक विषय आहे: एका घराच्या जमिनीतलं फॉस्फेट. माणसं आणि जनावरं राहतात तिथे शेण, मूत्र, राख, हाडं, खरकटं यांतून मातीत फॉस्फेट साठतं, आणि आपल्या चुनखडीच्या मातीत ते घट्ट बांधलं जाऊन टिकतं. अमोनियम मॉलिब्डेटने येणारा निळा रंग तू पदवीला पाहिलाच असशील, त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. जमिनीवर दोरीने चौकोन आखून प्रत्येक चौकोनातून चमचाभर माती घ्यायची आणि आकडे नकाशावर मांडायचे. गोठा कुठे होता, चूल कुठे, माणसं झोपत कुठे, याबद्दल काहीतरी ठोस बोलता येतं. अट एकच, की जमीन नेमकी कोणती आणि तिच्यात वरून खणलेला खड्डा कुठे आहे, हे तुला स्वतःला ओळखता आलं पाहिजे.

यात दादांचीही गरज पडेल. ते टेकाड आज कुणाच्या तरी नांगराखाली असेल, तर वरच्या थरात सुपर फॉस्फेट आणि डीएपी उतरलेलं असणार. कोणत्या रानात किती वर्षांपासून कोणतं खत पडतंय, किती खोल नांगरट होते, कोणता तुकडा कायम पडीक राहिला, हे त्यांना विचार आणि त्या पडीक तुकड्यातली माती तुलनेसाठी घे. तो तक्ता प्रबंधात त्यांच्या माहितीवरून केला आहे असं लिहून दे.

हंगामाआधी तुझ्या मार्गदर्शकांना भेट, यादी हातात घेऊन जा. घराची जमीन लागली की मला कळवा, वरून पूर्ण साफ होण्याआधी मला चौकोन आखू द्या, प्रत्येक घरातून दोन खापरं न धुता फॉइलमध्ये ठेवायची परवानगी द्या आणि सेक्शन काढायचं काम या वर्षीही माझ्याकडेच राहू द्या, एवढं माग. नमुन्यांच्या पिशव्यांवर शाईने लिहू नकोस, ओलीत फुटते. पेन्सिलने लिही, एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर: ठिकाण, वर्ष, ट्रेंच, थर, खोली, तारीख, तुझी आद्याक्षरं.